आजी-पणजीचा हिशेब
घोडा विकत घेताना पहिला प्रश्न बापाचा. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस लो यांनी मात्र आजोळ तपासलं. डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर या इंग्लंडमधल्या शर्यतींचे विजेते त्यांनी आईच्या बाजूने मूळ घोडीपर्यंत मागे नेले. एका मूळ घोडीचा वंश म्हणजे एक घराणं; ज्यात जास्त विजेते, त्या घराण्याला वरचा क्रमांक. अशी ४३ घराणी झाली. पहिला मान ट्रेगनवेल यांच्या बार्ब जातीच्या घोडीचा. हा हिशेब मांडणारं पुस्तक १८९५ मध्ये, लो यांच्या पश्चात निघालं. गोम एवढीच, की विजेते मोजले, पण घराण्यात शिंगरं किती जन्मली ते मोजलंच नाही. गोतावळा मोठा, तर विजेतेही जास्त निघणारच! पुढे आईकडूनच येणारा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला, तेव्हा मूळ वंशावळीच्या नोंदींतच काही चुका सापडल्या.