लाल संत्रे आणि आपले रक्त

गेल्या पौषात रविवारच्या मिस्सेनंतर एक माता आम्हांस भेटावयास आली. तिच्या हाती मोबाइल होता व त्यावर एका कापलेल्या फळाचे चित्र होते. साल संत्र्याची, आतला गर मात्र डाळिंबासारखा गडद लाल. "फादर, हे लाल संत्रं पोरीले खाऊ घातलं तर तिचं रक्त वाढंल का जी?" तिने विचारले. मुलगी सतरा वर्षांची. चेहरा फिकट पडलेला, जिना चढताच धाप लागते. मातेने फळाच्या किमतीचीही चौकशी करून ठेविली होती, आणि ती किंमत ऐकून आम्हीच क्षणभर गप्प झालो.

वाचकहो, हे फळ खोटे नाही. इंग्रजीत त्यास ब्लड ऑरेंज म्हणतात. कुळाने ते आपल्या नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीला अधिक जवळचे. इटलीच्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या परिसरात त्याच्या नामांकित बागा आहेत; आपल्याकडे पंजाबातही 'ब्लड रेड' नावाचा माल्टा लावितात. फेरारी नामक येशूसंघी धर्मगुरूंनी १६४६ साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या 'हेस्पेरिडीस' या ग्रंथात जांभळ्या गराच्या संत्र्याचा उल्लेख आहे. हा रंग येतो तो थंडीमुळे. दिवस उबदार आणि रात्री गार असल्या म्हणजे फळातील एक विशिष्ट जनुक जागे होते, असे इंग्लंडमधील नॉर्विच येथील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. जागे झालेले ते जनुक अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य घडविते. हेच रंगद्रव्य आपल्या जांभळात आणि काळ्या द्राक्षांतही असते.

तेव्हा त्या फळाची लाली ही जांभळाची सोयरी आहे, रक्ताची नव्हे. आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि हिमोग्लोबिन घडण्यास लोह लागते. लाल वस्तू खाल्ली की रक्त वाढते ही समजूत आपल्या घरोघरी इतकी मुरली आहे, की बिटाचा रस पाजून निर्धास्त झालेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

मग संत्र्याचा काहीच उपयोग नाही काय? खचित आहे, आणि तो रंगाहून मोलाचा आहे. पालेभाज्या, हरभरा, डाळी यांतील लोह आतड्यांत सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते पुष्कळ अधिक शोषले जाते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा या कामी आडवा येतो. आमच्या भागात भाताचे ताट उचलले की चहाचे आधण चढते. ती कपबशी तासभर पुढे ढकलून तिच्या जागी एक संत्रे सोलावे. क जीवनसत्त्वासाठी गर लालच हवा असे मुळीच नाही. प्रौढ स्त्रीस ते रोज सुमारे ६५ मिलिग्रॅम लागते. दोन साध्या संत्र्यांतून त्यातला बराचसा भाग मिळतो. पेरू आणि आवळा तर याबाबतीत संत्र्याच्याही पुढे आहेत.

आणि साधे संत्रे आम्हां बालाघाटकरांस परके थोडेच आहे! १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. पण संत्र्याने ती रेघ कधी मानली नाही. काटोल-वरुडच्या बागांतून, तसेच आपल्याच राज्यातील सौंसर-पांढुर्ण्याहून ते निघते. आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास फुललेला आंबिया बहर दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो आणि जानेवारीपर्यंत पुरतो. मृगाच्या पावसावर धरलेला मृग बहर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतो, आणि गोडीला तो सरस, असे आमच्या जिभेचे मत आहे. सैल सालीचे, हाती जड लागणारे फळ निवडावे. रस काढून ठेवण्यापेक्षा फोडी खाव्यात. चोथा पोटात जातो आणि साखर एकदम चढत नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी तर हे विशेष ध्यानी ठेवावे.

त्या मातेस आम्ही फळाविषयी हे सांगितलेच. पण आधी मुलीचे रक्त तपासून घेण्यास सांगितले. आमच्या परिसरात सिकलसेलचा आजार अनेक कुटुंबांत आहे. त्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. तो आईबापांकडून येतो आणि कोणत्याही फळाने जात नाही. अशा रुग्णास वैद्यकीय सल्ल्यावाचून लोहाच्या गोळ्या देणेही बरे नव्हे. याच आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्या राज्यातील शहडोल येथून सुरू झाले आहे. लाजेने वा लग्नाच्या काळजीने तपासणी टाळणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

त्या मुलीस सिकलसेल नाही असे निघाले. लोहाचीच उणीव होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. परवा माता पुन्हा भेटली, तेव्हा पिशवीत मृग बहराची डझनभर संत्री होती. लाल फळाच्या एका नगाला जेवढे पैसे पडले असते, त्याहून कमीत ही सारी आली, असे सांगून तिने त्यांतली दोन आमच्या हातावर ठेविली. मुलगी म्हणे आता चहासाठी आईशी भांडते.