एक हॉटेल, अनेक साक्षी

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावातून मुंबईला निघालेला माणूस उतरायचं कुठे, हे आधी माणसांना विचारून ठरवत असे. मंत्रालयातलं काम असेल तर आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकायची सोय होई. रुग्णाला घेऊन परळला जायचं असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव हमखास निघे. लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब नातेवाइकांकडे, नाहीतर गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या नेहमीच्या लॉजवर उतरे. सांगणारा ओळखीचा असल्यामुळे त्याचा शब्द किती धरायचा, हेही माहीत असे. अमुक काकांना कुठेही झोप लागते, तेव्हा त्यांनी ‘शांत आहे’ म्हटलं तर ते सोडून द्यायचं. तमुक मावशी मोरी पाहिल्याशिवाय खोली घेत नाहीत, तेव्हा त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी ते पुष्कळ झालं.

२००० नंतर सांगणारे लाखोंनी वाढले, पण ते कोण, हे कळेनासं झालं. हॉटेलांच्या अभिप्रायांचा गेल्या पाव शतकाचा प्रवास मला प्रामुख्याने असा दिसतो: सांगणारा कोण हे न कळल्यामुळे आपण सरासरीच्या आकड्याला धरून बसलो, आणि अभिप्रायांतली सर्वांत उपयोगी गोष्ट, म्हणजे त्यांच्यातला मतभेद, आपल्याला अडचण वाटू लागला.

सुरुवात अगदी वेगळ्या हेतूने झाली होती. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टीफन कॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिपअ‍ॅडव्हायझर सुरू केलं, ते प्रवासमार्गदर्शकं आणि वर्तमानपत्रांतलं जाणकारांचं लेखन एकत्र करण्यासाठी. प्रवाशांनी स्वतः लिहिण्याची सोय ही जोडीला दिलेली गोष्ट होती. वाचक मात्र जाणकारांना ओलांडून थेट तिथेच जाऊ लागले. नेदरलँड्समध्ये बुकिंग डॉट कॉम १९९६ पासून चालू होतं. आपल्याकडे दीप कालरा यांनी २००० मध्येच मेकमायट्रिप काढली, पण सुरुवातीला ती अमेरिकेतून मायदेशी येणाऱ्या भारतीयांसाठी होती. देशातल्या ग्राहकाकडे ती २००५ मध्ये वळली. मधल्या काळात, २००२ पासून, आयआरसीटीसीवर रेल्वेची तिकिटं मिळू लागली आणि संगणकावर पैसे भरून प्रवास ठरवायची सवय मध्यमवर्गीय घरांना लागली. तिकिटापाठोपाठ खोलीही तशीच घ्यायची, हे ओघानेच आलं.

इथे ताऱ्यांचा एक घोळ झाला, तो आजही पुरता सुटलेला नाही. भारतात हॉटेलला तारांकन देण्याची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची योजना आहे. समिती तपासणी करते आणि दर्जा पाच वर्षांसाठी मिळतो. पण ही योजना ऐच्छिक आहे. बुकिंगच्या पडद्यावर हॉटेलच्या नावापुढे दिसणारे तीन तारे या तपासणीतून आलेले असतीलच असं नाही, आणि त्याखाली पाहुण्यांनी दिलेले तारे तर तिसरीच गोष्ट. लिफ्ट, खोलीचं क्षेत्रफळ, स्वयंपाकघर यांच्या तपासणीचे तारे आणि पाहुण्याच्या समाधानाचे तारे एकाच चिन्हाने दाखवले जातात. म्हणूनच साध्या लॉजला साडेचार आणि मोठ्या हॉटेलला पावणेचार पडलेले दिसतात. लॉज अधिक चांगलं आहे, असा त्याचा अर्थ नाही. तिथे गेलेल्यांनी जेवढ्याची अपेक्षा धरली होती तेवढं त्यांना मिळालं, इतकंच ते सांगतं.

आकड्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांची मोजपट्टी. बुकिंग डॉट कॉमवर दहापैकी गुण असत, पण २०१९ मध्ये पद्धत बदलेपर्यंत सगळ्या बाबतींत सर्वांत वाईट शेरा दिला तरी बेरीज अडीचच्या खाली जात नसे. ज्याला वाचक ‘सात म्हणजे बरं’ समजत होते ते त्या पट्टीवर मधल्याच्या जरासं वरचं होतं. गूगलच्या नकाशावर तर मुक्काम केल्याचा पुरावाच लागत नाही. हॉटेलच्या तळमजल्यावर चांगली थाळी मिळत असेल किंवा मागे लग्नाचा हॉल असेल, तर थाळी जेवलेल्यांचे आणि वऱ्हाडींचे तारेही त्याच बेरजेत पडतात. खोलीत पाऊलही न टाकलेल्या माणसाने दिलेल्या पाच ताऱ्यांवर आपण रात्रीची झोप ठरवतो.

मग खोट्या अभिप्रायांचा प्रश्न आला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं काम मला या साऱ्या काळातलं सर्वांत शिकवणारं वाटतं. त्यांनी शिकागोमधली वीस हॉटेलं घेतली. त्यांचे चारशे खरे, स्तुतीचे अभिप्राय जमवले आणि पैसे देऊन लोकांकडून त्याच हॉटेलांचे चारशे खोटे अभिप्राय लिहून घेतले. खरे-खोटे ओळखायला माणसांना सांगितलं, तर त्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसे बरे निघाले नाहीत. संगणकाने मात्र शब्दांच्या वापरावरून नव्वद टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखले. फरक कुठे होता? खोटं लिहिणारे नवऱ्याविषयी, सुट्टीविषयी, कामाच्या दौऱ्याविषयी, स्वतःविषयी अधिक बोलत होते. खरोखर राहिलेले न्हाणीघर, मजला, खोलीचा लहानमोठेपणा, जागेचं ठिकाण यांविषयी लिहीत होते. जो तिथे गेलाच नाही त्याला ‘अविस्मरणीय’ हा शब्द सुचतो. नळ उजवीकडे फिरवला की गरम पाणी येतं, हे त्याला सुचू शकत नाही.

पुढच्या वर्षी ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने ट्रिपअ‍ॅडव्हायझरला बजावलं, की तुमच्याकडचे सगळे अभिप्राय खऱ्या प्रवाशांचे आणि विश्वासार्ह आहेत असा दावा करू नका. २०१४ मध्ये मेझलिन, डोव्हर आणि शेव्हालिए या तीन अभ्यासकांनी एक नेमकी तुलना छापली. एक्सपीडियावर खोली घेतलेल्यालाच लिहिता येतं, ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कुणालाही. दुसऱ्या ठिकाणी खोट्या स्तुतीची आणि शेजारच्या स्पर्धकाकडून केलेल्या खोट्या निंदेची चिन्हं अधिक आढळली, आणि साखळीतल्या हॉटेलांपेक्षा सुट्या, छोट्या हॉटेलांच्या बाबतीत ती ठळक होती. २०१८ मध्ये इटलीतल्या लेचे इथल्या न्यायालयाने तर खोटे अभिप्राय विकणाऱ्याला नऊ महिन्यांची कैद सुनावली.

खोटेपणावर इतकी चर्चा झाली, पण त्या गोंधळात एक गोष्ट झाकली गेली. परस्परविरोधी अभिप्राय बहुधा दोन्ही खरे असतात. यासाठी मुंबईइतकं चांगलं उदाहरण नाही.

दादर स्थानकाजवळचं कुठलंही मध्यम लॉज घ्या. एक लिहितो, ‘स्टेशनला अगदी लागून, उत्तम.’ दुसरा लिहितो, ‘रात्रभर गाड्यांचा आवाज, डोळा लागला नाही.’ सरासरी काढली की तीन तारे येतात आणि त्या तीन ताऱ्यांतून काहीच कळत नाही. पहिल्याला पहाटेची गाडी पकडायची होती, दुसऱ्याबरोबर तान्हं मूल होतं. परळच्या टाटा रुग्णालयासाठी विदर्भ-मराठवाड्यातून येणारी कुटुंबं मुक्कामाला येतात ती एका रात्रीसाठी नाही. त्यांना हवी असते व्हीलचेअर आत जाईल अशी लिफ्ट, बाहेरून डबा आणायची मुभा, आणि तारीख पुढे ढकलली तर खोली सोडायला न लावणारा व्यवस्थापक. असा माणूस पोपडे उडालेल्या भिंतीसकट त्या जागेला पाच तारे देतो आणि ते तारे खरे असतात. त्याच खोलीला समुद्र पाहायला आलेलं जोडपं दोन देतं, तेही खरेच असतात. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आल्यापासून, म्हणजे २०११ पासून, आसपासच्या हॉटेलांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी येणारा एक वेगळाच पाहुणा मिळाला. सकाळी लवकर नाश्ता मिळाला की तो खूश. संध्याकाळी पायी फिरायला काही नाही, ही दुसऱ्या कुणाची तक्रार त्याच्या गावीही नसते.

कुलाबा-फोर्टच्या जुन्या इमारतींतली गेस्ट हाउसं आणखी वेगळी. एकाच मजल्यावर एक खोली रस्त्याकडे उघडणारी, मोठ्या खिडकीची. दुसरी चौकाच्या भिंतीकडे तोंड केलेली, आणि तिसरीला खिडकीच नाही. भाड्यात शे-दोनशेंचा फरक. पण अभिप्राय तिन्हींचे एकत्र. ‘हवेशीर’ आणि ‘गुदमरायला होतं’ हे दोन्ही शब्द तिथे शेजारी दिसले, तर लिहिणाऱ्यांवर संशय घेण्याऐवजी फोन उचलून खोली कुठली देणार, एवढं विचारावं.

तारखेकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. जुलैतला अभिप्राय कुबट वासाविषयी बोलेल, डिसेंबरमधला बोलणार नाही, खोली तीच. दक्षिण मुंबईत मेट्रो-३ चं खोदकाम चालू होतं, तेव्हा परिसरातल्या हॉटेलांवर आवाजाच्या तक्रारींचा पाऊस पडत होता. रात्रीच्या कामाचा प्रश्न २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ऑक्टोबर २०२५ पासून तीच मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आहे. ज्या खड्ड्याने त्या हॉटेलांचे गुण खाल्ले त्याच जागी आता स्थानकाचा जिना आहे, आणि जुन्या तक्रारी मात्र बेरजेत तशाच बसल्या आहेत. उलटही घडतं. मालक बदलतो, पाटी बदलते आणि जुनी बदनामी पुसली जाते. इमारतीचा पत्ता टाकून शोधलं तर कधी कधी तीच जागा आधीच्या नावाने सापडते.

इतकी वर्षं वाचून माझी काही मतं पक्की झाली आहेत. पाच आणि एक तारा देणाऱ्यांपेक्षा तीन तारेवाले बहुधा अधिक नीट पाहतात, कारण त्यांना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. रिसेप्शनवरच्या एकाच मुलाचं नाव घेऊन स्तुती करणारे सात-आठ अभिप्राय लागोपाठ आले असतील, तर ते खोली सोडताना विनंती करून लिहून घेतलेले असण्याचा संभव दाट. खोटे म्हणता येणार नाहीत, पण खोलीविषयी ते काही सांगत नाहीत. तक्रारींतही भेद करावा लागतो. टॉवेल उशिरा आला, हे उद्या सुधारू शकतं. जिना अरुंद आहे, पाणी सकाळी दोनच तास येतं, खालच्या बारचं संगीत वरपर्यंत पोचतं, हे सुधारत नाही. अशी एक तक्रार वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी केली असेल, तर वरची स्तुती कितीही असली तरी मी ती खोली घेत नाही. मालकाचं उत्तरही वाचण्यासारखं असतं. प्रत्येकाला एकच आभाराचं वाक्य चिकटवणारा आणि ‘तिसऱ्या मजल्यावरचा गीझर बदलला आहे’ असं सांगणारा, यांत दुसऱ्यावर मी विसंबतो.

कायद्याने आपल्या परीने पावलं टाकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे ऑनलाइन अभिप्रायांचं मानक आलं, तेही ऐच्छिक. अमेरिकेत २०२४ मध्ये खोटे अभिप्राय विकण्या-विकत घेण्यावर बंदी घालणारा नियम लागू झाला. पण त्याच सुमारास दुसरं वळण आलं. आता यंत्रच शेकडो अभिप्राय वाचून दोन ओळींचा गोषवारा देतं: पाहुण्यांना ठिकाण आवडलं, काहींना आवाजाचा त्रास झाला. घाईत असलेल्याला हे सोयीचं वाटणार, आणि मला त्याचीच काळजी वाटते. ‘काहींना’ म्हणजे कुणाला, कुठल्या बाजूच्या खोलीत, कुठल्या महिन्यात, हे सगळं त्या दोन ओळींत गळून जातं. अभिप्राय लिहून देणारीही यंत्रंच असतील, तर खोट्याची भाषा आणखी सफाईदार होणार. अशा वेळी प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाच्या खडबडीत चार ओळींचं मोल वाढतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी शहरातल्या कुठल्याही हॉटेलातून निघाल्यावर तारे देऊन थांबू नका. कुठला महिना होता, कितव्या मजल्यावर आणि कुठल्या बाजूची खोली होती, बरोबर कोण होतं, कशासाठी गेला होतात, पाणी आणि लिफ्ट कशी होती, एवढं मराठीतच लिहा. रुग्णाला घेऊन पहिल्यांदा मुंबईत येणारं परभणीचं किंवा गडचिरोलीचं एखादं कुटुंब ते वाचून खोली ठरवेल.