आधी भिंतीला हात, मग पदक

गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. मी शिकवतो ती बरीच पोरं नवेगाव बांधकडची. पाण्याची भीती नाहीच. पण स्पर्धेत ती बाद होतात ती नियमांपायी. ब्रेस्टस्ट्रोक नि बटरफ्लायमध्ये प्रत्येक वळणावर आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. एक हात आधी टेकला, की सगळी मेहनत पाण्यात! इशाऱ्याआधी उडी घेतली तरी बाद. दुसरी संधी नाही.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यातून नागपूर विभाग, मग राज्य. नाव शाळेमार्फत जातं, म्हणून जन्मदाखला आधीच काढून ठेवा. पहिल्या खेपेला ५० मीटरची एकच शर्यत पुरे. शर्यतीच्या दोन तास आधी थोडे पोहे खाऊ घाला. नवा गॉगल त्या दिवशी पहिल्यांदा नको.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १६ व्या वर्षी उतरला. पण प्रत्येक पोर वीरधवल नसतं. आईबाबांनो, काठावरून खुशाल ओरडा. घड्याळ मात्र प्रशिक्षकाच्याच हातात राहू द्या.