कोरोना हवेतून पसरतो का? हैदराबादच्या संशोधनात काय दिसलं

हैदराबाद : नांदेड, देगलूर, बिदर, आदिलाबादकडची माणसं मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठतात. एका पेशंटसोबत घरचे तीन-चार जण असतात, आणि सगळे एकाच खोलीत बसतात. अशा खोलीतल्या हवेत कोरोनाचा विषाणू असतो का, हे इथल्याच सीसीएमबी या संस्थेनं चंदीगडच्या इमटेक संस्थेसोबत तपासलं.

हैदराबाद आणि मोहालीतले दवाखाने, बंद खोल्या, पेशंटची घरं अशा ठिकाणची हवा यंत्रानं ओढून तिचे नमुने तपासले गेले. निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. खोलीत दोन किंवा जास्त बाधित असतील, तर ७५ टक्के नमुन्यांत विषाणू सापडला. एकच बाधित असेल किंवा कुणीच नसेल, तर हे प्रमाण १५.८ टक्के होतं. हवेतला काही विषाणू जिवंत पेशींना लागण करू शकत होता.

असं का होतं? बोलताना, खोकताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. खिडक्या बंद असल्या की तीच हवा सगळ्यांच्या श्वासात जाते. त्यामुळं नुसते हात धुऊन भागत नाही.

क्षयरोगही हवेतूनच पसरतो. म्हणून पेशंटला भेटायला जाताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि एका वेळी एकानंच आत जा.