दृष्टीआडचा अंतर्गळ

अंतर्गळ म्हटला कीं जांघेंतील किंवा बेंबीजवळचा फुगवटा आपणांस आठवतो. तो डोळ्यांस दिसतो, हातास लागतो. आज ज्याविषयीं बोलणार आहें तो बहुधा दिसतही नाहीं व लागतही नाहीं. आणि तो गांठतो प्रायः सत्तरी ओलांडलेल्या कृश स्त्रियांना.

आपल्या कटीच्या हाडांत दोहों बाजूंस एकेक मोठें छिद्र असतें. शरीरशास्त्रांत त्यास गवाक्ष म्हणतात. चिवट पडद्यानें तें जवळजवळ बुजलेलें असतें; वरच्या कोपऱ्यांत मात्र दोन-तीन सेंटिमीटर लांबीची चिंचोळी वाट राहते. तींतून एक मज्जातंतु व रक्तवाहिन्या मांडींत उतरतात आणि उरलेली जागा चरबीनें भरलेली असते. वार्धक्यांत शरीर झडलें म्हणजे ही चरबीही झडते, वाट मोकळी होते व आंतड्याचा एखादा वेढा तींत शिरून अडकतो. स्त्रियांचा कटिभाग रुंद, म्हणून हा धोका त्यांनाच अधिक.

नवल असें कीं, पोटांतील या संकटाची हांक गुडघ्यांतून येते! अडकलेलें आंतडें त्या मज्जातंतूस चेपतें आणि मांडीच्या आंतल्या अंगानें गुडघ्यापर्यंत कळ जाते. पाय ताणला कीं ती वाढते, दुमडला कीं उणावते. हौशिप या इंग्रज शल्यवैद्यानें १८४० सालीं व रोम्बर्ग या जर्मन वैद्यानें १८४८ सालीं हें लक्षण वर्णिलें. सर्वच रुग्णांत तें आढळतें असें मात्र नाहीं.

माझ्या वडील भगिनीस त्र्याहत्तराव्या वर्षीं हेंच झालें. गुडघा दुखतो म्हणून आम्हीं शेक दिला. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट फुगलें, तेव्हां अजीर्ण समजून एरंडेल पाजलें. पाजणारा मीच. पूर्वीं दोनदां असें होऊन आपोआप थांबलें होतें, म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत स्वस्थ बसलों. वस्तुतः ओकाऱ्या होऊन शौच व वारा दोन्ही बंद पडल्यावर तोंडावाटे कांहींएक न देतां त्याच दिवशीं शल्यवैद्य गांठावयास हवा होता. अडकलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि रेचकानें ती गांठ सुटत नाहीं.

इस्पितळांत सी. टी. स्कॅन काढतांच वेढा दिसला. काळवंडलेला वीतभर भाग कापून दोन्ही टोकें जोडावीं लागलीं. ती वांचली. डॉक्टरांस तिनें गुडघ्याविषयीं चकार शब्द सांगितला नव्हता. पोटाच्या दुखण्यांत त्याचें काय काम, असें तिला वाटलें. तें सांगितलें तिच्या सुनेनें, तेंही सहज, दाराशीं उभी असतां.