अडीच इंची कान आणि कोकण कपिला

नेदरलँड ड्वार्फ जातीच्या सशाचे कान अडीच इंचांपेक्षा लांब भरले, की अमेरिकेतल्या प्रदर्शनातून तो थेट बाद. वजनाची कमाल मर्यादा अडीच पौंड, म्हणजे साधारण 1,130 ग्रॅम. डोकं गोल हवं, अंग आखूड आणि भरलेलं. 1910 साली स्थापन झालेली अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन जातीजातीची अशी मानकं छापते आणि परीक्षक त्यांवरून शंभरपैकी गुण देतात. इंग्लिश लॉपचा हिशेब उलटा. त्याचे लोंबते कान या टोकापासून त्या टोकापर्यंत निदान 21 इंच भरलेच पाहिजेत.

हौसेला मोल नसतं म्हणून सोडून द्यावं, तर ड्वार्फच्या बाबतीत मोल पिल्लं मोजतात. 2017 साली 'जेनेटिक्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने या ठेंगूपणाचं मूळ दाखवलं: एचएमजीए2 नावाच्या जनुकापाशी डीएनएची सुमारे 12,100 अक्षरं गळालेली आहेत. माणसाच्या उंचीशीही याच जनुकाचा संबंध आहे. आई-बापांपैकी एकाकडून ही त्रुटी आली, तर ससा गोंडस, ठेंगू होतो. दोघांकडून आली, तर पिल्लू इतकं इवलंसं जन्मतं की पाळणारे त्याला 'पीनट', शेंगदाणाच म्हणतात. ते काही दिवसांत मरतं. म्हणजे दोन ठेंगू विजेत्यांची जोडी लावली, तर सरासरीने पाव पिल्लं दगावणार, पाव मोठ्या अंगाची निघणार आणि निम्मीच मानकाजवळ जाणार. ज्याला आपण अस्सल म्हणून बक्षीस देतो तो ससा या हिशेबात कधीच अस्सल होऊ शकत नाही.

कानांचं तर आणखी वेगळं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. कानातल्या रक्तवाहिन्या रुंदावून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. डोंगरांच्या कुशीतल्या महाडमध्ये एप्रिल-मेची दुपार काय असते, ते तिथल्यांना सांगायला नको. अशा गावात पत्र्याखालच्या पिंजऱ्यात आखूड कानांचा, दाट केसांचा ससा ठेवणं म्हणजे हॉलंडच्या हवेचं बिल महाडात फाडणं. आपल्या डोंगरातला रानससा ही वेगळीच प्रजाती. त्याचे लांब कान कुणी फुटपट्टी लावून ठरवलेले नाहीत.

हीच फुटपट्टी आता गोठ्यात आली आहे, पण वेगळ्या हेतूने. पोलादपूरच्या वाड्यांवर जी गाय आजवर नुसती 'गावठी' होती, त्या कोकणपट्टीतल्या गाईची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2018 साली 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली. अशा नोंदीसाठी जनावर सपाटीवर चारी पायांवर सरळ उभं करतात (पोलादपुरात सपाटी शोधण्यातच अर्धा वेळ जावा). मग पुढच्या पायांच्या लगेच मागून फीत फिरवून छातीचा घेर घेतात. खांद्यापाशी उंची, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, तोंड, कान, शिंगं, शेपूट अशी एकेक मापं होतात. ही मापं एकाच चॅम्पियनची नसतात, गावोगावच्या अनेक जनावरांची असतात. त्यांतून सरासरी निघते आणि कमी-जास्तीचा पल्लाही कळतो.

म्हणूनच कपिलेचं वर्णन सैल आहे. अंग लहान ते मध्यम, बांधा आटोपशीर, वशिंडही लहान ते मध्यम. रंग तांबूस-तपकिरी, काळा, पांढरा, करडा, मिश्र, जो असेल तो. गोव्याची श्वेतकपिला मात्र नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी लागते, तर सिंधुदुर्गातल्या कोकण कन्याळ शेळीच्या काळ्या तोंडावर नाकपुड्यांपासून कानांपर्यंत दोन पांढरे पट्टे हवेत.

कपिलेचा लहान बांधा मला रंगापेक्षा महत्त्वाचा वाटतो. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि दिवाळीनंतर वरकसावरचं, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरचं, गवत वाळत जातं. लहान अंगाला कमी चारा पुरतो, शिवाय वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असल्याने उष्णताही लवकर निघून जाते. उतारावरच्या चिंचोळ्या खाचरात चिखलणी करताना बैलजोडी वळायला हवी. अवजड बैल तिथे काय कामाचा? दूध दिवसाकाठी साधारण दोन लिटर. डेअरीच्या हिशेबात ते नगण्यच, आणि त्यासाठीच जर्सीचा संकर गोठ्यांत शिरला.

नोंद झाली, आता जनावरांच्या स्पर्धा होतील आणि त्या व्हाव्यातही. पण परीक्षकाने सगळ्यांत उंच, सगळ्यांत तांबूस वळूला फेटा बांधायला सुरुवात केली, तर दोन-चार वळूंचंच रेत गावोगाव जाईल, आणि नोंदीतला पल्ला आक्रसत जाईल. तसं टाळायचं असेल, तर बक्षीस वळूच्या रंगाला न देता त्या गाईला द्यावं, जिने वरकसावर चरून, नियमित वेत देऊन दहा-बारा वर्षं काढली. त्यासाठी फीत पुरणार नाही. वेतांची वही ठेवावी लागेल, आणि ती आधी गोठ्यातच सुरू करायला हवी.