सत्तर पानांचा पुडा

मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातली गावं उजाडायच्या आत रिकामी होतात. तेंदूचं पान कोवळं आहे तोवरच तोडायचं, म्हणून लेकराबाळांसकट सगळे जंगलात. हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. दुपारी परतल्यावर सावलीत पुडे बांधायला बसतात. फाटकं, डागाळलेलं पान बाजूला टाकायचं, सत्तर भरली की सालीच्या दोरीनं आवळायचं. माझ्यासमोर बसलेल्या माडिया आदिवासी बाईचे मोजताना ओठसुद्धा हलत नव्हते. तिचा एक पुडा मी मोजला, बरोबर सत्तर.

खरा कस लागतो तो संध्याकाळी फळीवर, म्हणजे पान खरेदीच्या जागी. मोकळ्या जागेत पुडे ओळीनं मांडलेले, मुंशी मोजत पुढे सरकतो आणि कार्डावर आकडा चढवतो. त्या बाईनं कार्ड हातात घेतलं, पाहिलं आणि तिथंच उभी राहिली. "मुंशीजी, दोन कमी लिहिले. पुन्हा मोजा." मागची रांग खोळंबली, पण कुणी कुरकुरलं नाही. मुंशीनं पुन्हा मोजले आणि आकडा सुधारला. पुढे पान उन्हात वाळवायचं, उलटायचं, पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे पोत्यांत, भरायचं. मधेच अवकाळी आला तर सगळी मेहनत पाण्यात.

गडचिरोली जिल्ह्यातली नक्षली हिंसा समजून घ्यायची तर याच फळीवर यावं लागतं. 1980 च्या सुमारास नक्षलवादी आंध्रातून प्राणहिता ओलांडून आले. हा जिल्हा तेव्हा झालाही नव्हता. त्यांनी सुरुवातीलाच पुड्याच्या भावाला हात घातला. ठेकेदार कवडीमोलानं पान उचलत होते. भाव वाढला आणि 'दादालोकां'ना गावात जागा मिळाली. पुढे त्याच ठेकेदारांकडून त्यांनी खंडणी उकळली आणि तेंदूचा हंगाम दलमच्या, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीच्या, कमाईचा झाला. 1990 मध्ये त्यांच्याविरुद्ध पोलिसांचं सी-60 पथक उभं राहिलं, तेही इथल्याच पोरांचं. दोन्ही बाजूंनी मेली ती बरीचशी याच गावांतली मुलं. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी केलेल्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा गाडीचालक गेला.

आता बंदूक मागे हटते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांमुळे अनेक ग्रामसभा स्वतः पानाचा लिलाव करू लागल्या आहेत. हा बदल मला कोणत्याही नव्या पोलीस ठाण्याइतकाच मोलाचा वाटतो. पण माल उचलून पैसे थकवणारे ठेकेदार आजही आहेत. बोद ट्रकमध्ये चढले की ग्रामसभेच्या हाती फक्त करारनामा उरतो. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायचे तर मजुरी बुडते, वकील परवडत नाही. म्हणून पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय एकही ट्रक जंगलाबाहेर सोडू नये. नाक्यावर पोलीस आहेत, वनखात्याचा माणूस आहे. वाहतूक परवान्यासोबत पैसे भरल्याची पावतीही त्यांनी तपासावी.